उजव्या डोळ्याचा अभिप्राय

बादली जांभळी निघाली.

दोन वर्षं नलिनी ती चॉकलेटी समजून वापरत होती. पुण्याजवळच्या चांद्यात मुलीकडे राहायला आली त्याच आठवड्यात तिनं ती स्वतः जाऊन आणली होती आणि दुकानदाराला बजावलं होतं, चॉकलेटीच द्या, मळखाऊ असते. दुकानदारानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं होतं आणि मुकाट्यानं ती बादली तिच्या हातात दिली होती. आता डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून पाच दिवस झाले होते, काळा चष्मा आज पहिल्यांदा उतरला होता, आणि अकराव्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये नळाखाली, पिकल्या जांभळाच्या सालीसारखी एक परकी बादली भरत होती. तिनं डावा डोळा झाकला. चॉकलेटी. उजवा झाकला. जांभळी. पाणी काठावरून वाहायला लागलं तरी ती हेच करत राहिली. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया तीन आठवड्यांनी होती. तोवर तिच्या चेहऱ्यात दोन बायका शेजारी राहणार होत्या, एक आजची, एक कालची, आणि त्या दोघींचं एका बादलीवरून पटत नव्हतं.

"आई, पाणी चाललंय! नऊला माझा कॉल आहे," जुईली दाराबाहेरून म्हणाली.

"जुई, ही बादली कुठल्या रंगाची आहे ग?"

"पर्पल. का?"

"कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? बादली आहे, आई."

नलिनीला हसू आलं. पण त्या हसण्याच्या पाठोपाठ, कुणी बोलावलेलं नसताना, एक वाक्य आलं आणि ओल्या फरशीवर उभं राहिलं. *सर्व भागांवरील तपकिरी रंग एकसारखा आहे. त्यावरून हे भाग अलीकडच्या काळात, एकाच वेळी, कृत्रिमरीत्या रंगवून जोडले असावेत.* अभिप्राय, ओळ सातवी. खाली तारीख, खाली सही: नलिनी बेडेकर, निवृत्त सहायक अभिरक्षक, शस्त्रविभाग. वाक्य तिला तोंडपाठ होतं, कारण लिहिलं तेव्हा ते तिला आवडलं होतं. त्यातल्या स्वल्पविरामांसकट.

तिनं नळ बंद केला. पाणी स्थिर झालं आणि बादलीचा जांभळा रंग पाण्यात उतरून तिच्या हातावर आला.

ती बंदूक ठासणीची होती, एकनळी, नळीच्या बुडाशी बसवलेल्या फटाक्याच्या टोपीवर घोडा आपटला की उडणारी. ताम्हिणीच्या वरच्या अंगाला एका धनगरवाड्यावरची. शेताच्या राखणीचा परवाना, आज्याकडून बापाकडे आणि बापाकडून कान्हू मरगळेकडे आलेला. लोकसभेच्या निवडणुकीआधी सगळ्या परवानेवाल्यांनी आपापल्या बंदुका पौडच्या पोलीस ठाण्यात जमा केल्या तेव्हा ही बंदूक वेगळी पडली, कारण तिचा घोडा टोपीवर बसत नव्हता आणि तिचे भाग एकमेकांच्या ओळखीचे दिसत नव्हते. त्या वर्षी मुळशीत एक बोलवा होती, की धरणाकाठचे फार्महाऊसवाले भिंतीवर टांगायला जुन्या बंदुका विकत घेतात. मग प्रश्न असा झाला, की परवान्यावरची जुनी बंदूक हीच का? की ती विकून कान्हूनं भंगारातून ही जुळवून घेतली? तसं असेल तर विनापरवाना हत्यार बनवल्याचा गुन्हा. विचारायचं कुणाला, तर पुण्याच्या संग्रहालयात एकतीस वर्षं तलवारी आणि बंदुका हाताळलेल्या, आता चांद्यात राहणाऱ्या बेडेकर बाईंना. बाई आल्या, दोन तास बसल्या, चहा नको म्हणाल्या आणि अकरा ओळी लिहून गेल्या.

अकरा ओळींपैकी किती ओळी बादलीच्या होत्या?

तिचे वडील शनिवार पेठेत घड्याळं दुरुस्त करायचे. काचेच्या कपाटात खालच्या खणात मेलेली घड्याळं असत, आणि तीन मेलेल्यांतून ते एक जिवंत काढत. तबकडी एकाची, चक्रं दुसऱ्याची, काटे कुणाचेही. लहानपणी नलिनीला वाटायचं, मग हे घड्याळ खरं कुणाचं? वडिलांनी याचं उत्तर कधी दिलं नाही, पण गिऱ्हाईक पुढे आलं की झाकण उघडण्याआधी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: कुणाच्या मनगटावर असतं? उजव्या का डाव्या? काम काय करतात? लोहार का शिंपी? नोकरीत लागल्यावर नलिनीनं याच्या नेमकं उलट शिकून घेतलं. वस्तूला एकटं बघायचं. माणसं वस्तूबद्दल खोटं बोलतात, आजोबा पेशव्यांकडे होते म्हणतात, वस्तू बोलत नाही म्हणून खोटंही बोलत नाही. एकतीस वर्षं तिनं मालकांना दाराबाहेर बसवलं. त्या शिस्तीचा तिला अभिमान होता. अजूनही होता, थोडासा, टॉवेलनं हात पुसताना, आणि हात पुसून होईपर्यंत तो पातळ व्हायला लागला होता.

दुपारी तिनं पौडच्या पोलीस ठाण्याला फोन लावला. मुद्देमालाचं काम बघणारी शुभांगी नावाची हवालदार फोनवर आली. केस संपली असेल, असं नलिनीला वाटत होतं. म्हणजे वाटत नव्हतं, तशी आशा होती.

"नाही हो मॅडम, चालूच आहे. तारखा पडतायत. तुमच्या अभिप्रायावरच तर उभी आहे ती."

"आणि तो मुलगा?"

"कान्हू? मुलगा कसला, पस्तिशीचा आहे. हिंजवडीला कंपनीत सिक्युरिटीला लागणार होता. ड्रेसचं माप पण दिलं होतं त्यानं. आता केस आहे म्हटल्यावर चारित्र्याचा दाखला मिळत नाही. मजुरीला जातो."

ड्रेसचं माप. फोन ठेवल्यावर ते दोन शब्द तिच्याजवळ राहिले. कुणीतरी त्याच्या खांद्यावर टेप धरली असेल, त्यानं श्वास रोखून छाती जरा पुढे काढली असेल, आणि त्याच आठवड्यात ती पेन उघडून ओळ सातवी.

फेरतपासणीसाठी कोर्टाची परवानगी लागली. कान्हूच्या वकिलानं अर्ज दिला, नलिनीनं पत्र दिलं, आणि परवानगी येईपर्यंत दुसऱ्या डोळ्याची तारीख जवळ आली. ती तिनं पुढे ढकलली.

"सीरियसली, आई?" जुईली लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली. "लोक डोळ्यासाठी नंबर लावून बसतात आणि तू पोस्टपोन करतेस?"

"हा डोळा साक्षीदार आहे," नलिनी म्हणाली. "तो अभिप्राय त्यानं लिहिलाय. त्याला घेऊन जायला हवं."

जुईलीनं आता मान वर केली. आईकडे बघितलं आणि हॉस्पिटलला फोन लावून तारीख बदलून घेतली. मग पौडची गाडीही तिनंच बुक केली. या मुलीचे डोळे घारे आहेत हे नलिनीला माहीत होतं. त्यात हिरवी छटा आहे हे तिनं त्या दिवशी पाहिलं, बेचाळीस वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांत, आणि कुणाचे तरी आभार मानावेत असं तिला वाटलं. कुणाचे ते कळेना. डॉक्टरांचे मानून झाले होते.

पौडला ती पोचली तेव्हा मार्गशीर्षातलं ऊन ठाण्याच्या पायऱ्यांवर आलं होतं. पायरीवर एक म्हातारी बसली होती, मांडीवर फडक्याचं गाठोडं. नलिनीनं जाता जाता पाहिलं आणि तिचं पाऊल अडलं. म्हणजे शरीर अडलं. मनाला मागाहून समजलं. ही बाई, हेच गाठोडं, हीच पायरी. दोन वर्षांपूर्वीही ती इथंच बसली होती आणि नलिनी तिला ओलांडून आत गेली होती, आत जाऊन म्हणाली होती, नातेवाईक कुणी असतील तर बाहेरच राहू द्या. तेव्हा ती सगळी एका रंगात होती. आज तिचं लुगडं हिरवं होतं आणि काठ लाल.

"तुम्ही आत या," नलिनी म्हणाली.

"म्या?" म्हातारी उठली. "आत आलेलं चालतंय का?"

ती तानुबाई, कान्हूची आई. कान्हू आतच उभा होता, हात पाठीमागे बांधून, गणवेशात उभं राहतात तसा. शुभांगीनं कपाटातून बंदूक काढली, लाखेचं सील तोडलं, कागदावर वेळ लिहिली. खोली अंधारी होती. नलिनी म्हणाली, उजेड हवा. शुभांगी म्हणाली, मॅडम, मुद्देमाल बाहेर नेता येत नाही. मग टेबलच खिडकीशी नेऊ या, असं ठरलं. टेबल सागवानी, जड. एका बाजूला शुभांगीनं हात घातला आणि दुसऱ्या बाजूला, कुणी सांगितलं नसताना, आरोपीनं.

उजवा डोळा.

तपकिरी. नळी तपकिरी, बाजूची लोखंडी पट्टी तपकिरी, घोडा, चाप, चापाभोवतीचं कडं, सगळं एका डब्यातल्या रंगात बुचकळून काढल्यासारखं. दस्त्याचं लाकूडसुद्धा त्याच अंधूक चहात बुडालेलं. तिनं बंदूक फिरवली. पुन्हा तपकिरी. तिला त्या बाईची कीव आली जिनं हे बघून वाक्य लिहिलं होतं. ती खोटं बोलली नव्हती. तिला जे दिसलं ते तिनं नेटकं लिहिलं होतं. खिडकीत उन्हाची तिरीप होती आणि ती तिरीपही चहाची होती.

डावा डोळा.

नळी करवंदी. पिकल्या करवंदाचा तो काळसर जांभळा, जो लोखंडाला कुणी देत नाही, जो हवा आणि हात आणि शंभर पावसाळे मिळून देतात. बाजूची पट्टी निळसर राखी, एखाद्या फौजी बंदुकीची, कानशीनं घासून लहान केलेली, आणि ते कानशीचे ओरखडेही आता जुने, गुळगुळीत. चापाचं कडं पितळी, कुठल्याशा हंड्याच्या काठातून कापलेलं, कोपऱ्यात हिरवं. चाप म्हणजे विळ्याचं टोक. आणि नळी आणि पट्टी जिथं भेटतात त्या फटीत दोघींचा गंज एकमेकांत शिरलेला, बांधावरचं गवत दोन्ही शेतांत जातं तसा. एका दिवसात रंगवलेलं काही असं एकमेकांत जात नाही. ही बंदूक जुळवलेली होती, हे खरंच होतं. चार ठिकाणच्या चार वस्तू. पण त्या फार वर्षांपूर्वी एकत्र आल्या होत्या आणि तेव्हापासून एकत्र म्हाताऱ्या झाल्या होत्या. नाव नसलेल्या कुणा लोहारानं भात्यासमोर बसून, डोळे बारीक करून हे केलं होतं, आणि त्याचे कानशीचे ओरखडे तिच्या बोटाखाली होते. तिला त्याचा हात धरल्यासारखं झालं.

तिनं बंदूक उचलून उजव्या खांद्याला लावली. दस्ता आखूड होता, गाल कुठंच टेकेना. लाकडात एक जागा झिजून खोलगट झाली होती, पण ती भलत्याच बाजूला. मागच्या वेळी तिनं लिहिलं होतं, *दस्त्याची घडण सदोष.* तिनं बंदूक डाव्या खांद्यावर घेतली. गाल त्या खळग्यात अलगद जाऊन बसला, कुणाच्या तरी ओंजळीत बसावा तसा.

"आत्ता बसली!" तानुबाई दारातून हसली. "डाव्या हाताची हाय ती."

"कुणाच्या?"

"आये," कान्हू म्हणाला. "मॅडमना काम करू दे."

"करू दे की. म्या काय हात धरलाय त्यांचा?" तानुबाई पुढे आली. "माज्या आजेसासूची. सरूबाय. दादला लवकर गेला तिचा. डुकरं भातात शिरायची, दीर म्हनायचे सोड शेत, जा म्हायेरी. ती कुटं जातीया. लव्हाराकडं गेली. नळी कुनाकडनं आनली देव जाणं, लाकूड घरचंच, जुवाचं. बैल मेला हुता, जू पडून हुतं. लव्हारानं तिच्या हाताच्या मापानं केली बगा, झंपर शिवावा तशी. मग शेतातल्या माळ्यावर बसायची म्हातारी. कागद मातुर सासऱ्याच्या नावाचा झाला, बाईमानसाला कोन देतंय."

नलिनी दस्त्याकडे पाहत होती. मध्यभागी एक भोक, लाकडाची खुंटी ठोकून बुजवलेलं. *भोक बुजवलेले; प्रयोजन अस्पष्ट.* ते जुवाच्या शिवळेचं भोक होतं, जिथं बैलाच्या मानेशेजारी दांडा अडकतो. बैल, मग बाई, मग बाईचा गाल. कान्हू उजव्या हाताचा होता, टेबल उचलतानाच ते दिसलं होतं. जुनी विकून तिच्या जागी नकली बंदूक जुळवणारा माणूस ती एका डावखुऱ्या, आखूड हाताच्या बाईच्या मापानं कशाला करेल, आणि तिच्या गालानं लाकूड झिजायला लागतात ती वर्षं कुठून आणेल?

"हे मागच्या वेळी का सांगितलं नाहीत?" तिनं विचारलं, आणि विचारत असतानाच उत्तर तिला माहीत होतं.

"तुमी भायेर बसवलं हुतं की आमाला," तानुबाई म्हणाली. तिच्या आवाजात कुसळ नव्हतं. पाऊस पडला होता की, असं सांगावं तसं तिनं सांगितलं.

एवढ्यावर थांबता आलं असतं. नलिनीच्या मनात वाक्यं तयार व्हायलाही लागली होती, चांगली, मोकळी वाक्यं, जी लिहून झाल्यावर तिला झोप लागली असती. पण डावा डोळा थांबला नव्हता. तो घोड्यावर होता. घोड्याचा गंज लालसर आणि उथळ होता, आणि स्क्रूभोवती लोखंड उघडं पडलेलं, अलीकडे कुणीतरी घाईनं पिळल्यासारखं. तिनं अंगठ्यानं घोडा मागे घेतला आणि अलगद सोडला. तो टोपीच्या जागेच्या शेजारी उतरला. ज्वारीच्या दाण्याएवढा डावीकडे.

तिला वाटलं, हे मी पाहिलंच नाही असं होऊ शकतं. उजवा डोळा अजून आहे. तो मिटलेला ठेवण्याऐवजी दुसरा मिटला की झालं. माझ्यामुळे या माणसाची दोन वर्षं गेली, मी एक दाणा सोडून दिला तर कुणाचं काय

"घोडा या बंदुकीचा नाही," ती मोठ्यानं म्हणाली.

शुभांगीचं पेन थांबलं. कान्हू जमिनीकडे बघत होता.

"तुमचा घोडा कुठं आहे, कान्हू?"

"हारवला."

"कधी?"

"आठवत न्हाई."

"खोटं बोलतुयास," तानुबाई म्हणाली.

"आये, तुला गप ऱ्हा म्हनलं ना!"

"दोन वर्स गप ऱ्हायले. ह्या बाय आपनहून आल्यात, त्यांच्या म्होरं बी खोटंच बोलनार व्हय?"

"मॅडम, तुमी काय दिसंल त्ये लिवा," कान्हू म्हणाला. आता त्यानं वर बघितलं, आणि नलिनीला त्या नजरेत राग दिसेल असं वाटलं होतं, तिथं नुसती थकलेली अदब होती. "घोडा ह्यो न्हाई, असं लिवा. माजं काय म्हननं न्हाई."

"त्याचं न्हाई, पन माजं हाय."

आवाज दाराबाहेरून आला. उन्हात एक वाळका म्हातारा उभा होता, खांद्यावर घोंगडी. हा कुशाबा, कान्हूच्या बापाचा चुलतभाऊ, शेजारच्या टेपावर, टेकाडाच्या माथ्यावर, एकटा राहणारा. त्यानं चपला पायरीखाली काढल्या, आत आला, कंबरेची गाठ सोडायला लागला. गाठ सुटेना. तानुबाई म्हणाली, दातानं सोडा भावजी, तुमच्याच गाठी. गाठ सुटली. हळदीनं पिवळ्या झालेल्या फडक्यात लोखंडाचा एक घोडा होता, निळसर राखी, तेल लावून पुसलेला.

मग ते सांगितलं गेलं, तिघांकडून, एकमेकांचं तोडत. वाड्यावर बंदुकीचा जीव घोड्यात असतो असं मानतात. बंदूक घराबाहेर राहायची असली की घोडा काढून देवाच्या टोपलीत ठेवायचा, दिवा दाखवायचा, बंदूक परत आली की बसवायचा. सरूबाईपासून असंच चालत आलेलं. दोन घरांचा देव एकच, त्यामुळे टोपलीही एकच. त्या निवडणुकीला सांगावा आला, की अपुरी बंदूक जमा होणार नाही, सगळ्या भागांसकट आणा. कान्हूला पहाटेची एसटी धरायची होती. त्यानं टोपलीत हात घालून चाचपून एक घोडा घेतला, एसटीच्या थांब्यावर बसून नाण्यानं स्क्रू पिळला, आणि घेतला तो कुशाबाचा होता. मागाहून कुशाबानं उरलेला लावला. तो त्याच्या बंदुकीला बरा बसला.

"माजी सुटली, ह्याची अडकली," कुशाबा म्हणाला. "म्या म्हनलं, चल सांगू सायबाला. ह्यो म्हनला, नगं. तुजी बी जप्त हुईल. तुजी शेरडं हायत, वाघरू येतुया टेपावर, तू एकला. माजं मी बगतो म्हनला." त्यानं फडकं टेबलावर ठेवलं. "बगितलंन दोन वर्स. आता पुरं की. आनि ह्यो म्या पुन्यांदा लावलाच न्हाई माज्या बंदुकीला. टोपलीतच हुता. रोज दिवा लावलाय."

सगळे शुभांगीकडे पाहत होते, नलिनीसुद्धा. शुभांगीनं पेनाचं टोपण लावलं, काढलं.

"म्हणजे काका, तुमच्या बंदुकीला दोन वर्षं घोडाच नाही?"

"न्हाई."

"मग डुकरं आली तर काय करता?"

"वरडतो."

शुभांगीला हसू आवरेना. "घोडा नाही तर ती काठीच झाली. बसा. साहेबांना मी सांगते. जबाब द्यावा लागेल तुम्हाला, खरा खरा. आणि फडक्याचा पण पंचनामा होणार, हळदीसकट."

नलिनीनं पर्समधून स्क्रू-ड्रायव्हर काढला, वडिलांच्या दुकानातला. परका घोडा उतरवला, फडक्यातला चढवला. तो चढवावा लागलाच नाही. जागेवर नेल्यावर तो स्वतःच आत सरकला. तिनं अंगठ्यानं तो मागे घेतला. खोलीत चार माणसं श्वास रोखून होती आणि बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती. तिनं घोडा सावकाश खाली उतरवला. झाकण डब्यावर बसावं तसा तो बसला, सगळ्या बाजूंनी, आणि त्याच्या आतल्या झिजलेल्या वाटीला टोपीच्या जागेचा झिजलेला काठ बरोबर मिळाला. दोघं एकमेकांना आपटून आपटून झिजले होते.

मग ती लिहायला बसली. मागच्या वेळी अकरा ओळी झाल्या होत्या, आज तीन पानं झाली. बोटं दुखायला लागली. नळीबद्दल लिहिलं, पट्टीबद्दल, हंड्याच्या काठाबद्दल, जुवाबद्दल. सरूबाई हे नाव लिहिलं; सरकारी कागदावर ते पहिल्यांदाच येत असावं. *ही बंदूक निरनिराळ्या भागांतून, एका विशिष्ट डावखुऱ्या व्यक्तीच्या मापाने, माझ्या मते शंभर वर्षांपूर्वी वा त्याहून आधी बनवली असून परवान्यावरील बंदूक तीच आहे.* शेवटच्या परिच्छेदाशी ती थांबली. शुभांगी म्हणाली, आधीचा अभिप्राय का बदलला, त्याचं कारण लिहावं लागेल.

"मोतीबिंदू व्हता म्हनून लिवा," कान्हू म्हणाला. तो इतका वेळ तिच्या मागे उभा राहून अक्षरं बघत होता. "चुकलं असं नका लिवू. तुमचं नाव हाय. डोळ्याला काय करनार मानूस?"

नलिनीनं मान वळवली. त्याच्या तोंडावर खरीखुरी काळजी होती, तिच्यासाठीची, आणि ती कुठं ठेवावी हे तिला समजेना. तिनं लिहिलं:

*माझा आधीचा अभिप्राय चुकीचा होता. उजव्या व डाव्या दोन्ही डोळ्यांत त्या वेळी मोतीबिंदू असल्याने मला रंग ओळखता आले नाहीत. कुटुंबीय दाराबाहेर बसलेले असताना मी त्यांना काहीही विचारले नाही. त्याला मोतीबिंदू कारण नव्हते.*

सही केली. तानुबाईला सगळी तीन पानं वाचून दाखवली. सरूबाईचं नाव आलं तिथं तानुबाईनं पदर डोक्यावर नीट घेतला. नंतर गाठोडं सोडून तिनं नाचणीची भाकरी काढली, लसणाची चटणी काढली आणि टेबलाच्या कोपऱ्यावर मांडली. या खेपेला नलिनी नको म्हणाली नाही. भाकरी करडी होती, कडेला काळपट, मधे जवळजवळ निळी, आणि थंड असूनही तिला चुलीचा वास होता. कुशाबा म्हणाला, चटणी बेतानं, तिखाट लई हाय. शुभांगीनंही तुकडा तोडला. हा कागद गेल्यावर केस टिकत नाही, ती तोंडात घास असताना म्हणाली. साहेब तसाच अहवाल देतील, दाखल्याचा अर्ज कान्हूनं पुन्हा टाकून ठेवावा. नलिनी जेवत होती. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण तिला भूक लागली होती, लहान मुलांना लागते तशी, आणि ती तिघांच्या मधे बसून खात होती, आणि कुणी तिला बाहेर बस म्हणत नव्हतं.

कान्हू मात्र जेवायला बसला नाही. शुभांगीला विचारून तो कागद घेऊन समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेला. परत आला तेव्हा हातात मूळ कागद आणि दोन प्रती होत्या. मूळ कागद त्यानं शुभांगीला दिला. एक प्रत घडी घालून खिशात ठेवली. हिंजवडीच्या कंपनीत दाखवायला, तो म्हणाला, बगू, जागा भरली असंल तर असंल. दुसरी त्यानं नलिनीसमोर धरली.

"ही तुमाला."

"मला कशाला?"

"ऱ्हाऊ द्या जवळ. उद्या तुमाला बी कुनी इचारंल, का बदललं म्हनून. आपल्यापाशी कागद असला म्हंजी बरं असतंय." त्यानं आवाज थोडा उतरवला, अनुभवी माणूस नवख्याला सांगतो तसा. "कुनी मागितला तर दाखवायचा, मॅडम. द्यायचा न्हाई."

नलिनीनं हात चटणीचे म्हणून पदराला पुसले आणि तीन पानं दोन्ही हातांत घेतली. कागद अजून गरम होता.